पांढऱ्या दोरीपलीकडे

"त्यांना समजावत बसू नका. त्यांच्या पुढे चाला."

छावणीतल्या समुपदेशक बाईंचं हे वाक्य ती सकाळपासून जपमाळेसारखं मनात फिरवत होती. आता ती प्लॉटच्या कडेला उभी होती आणि तिला भीती वाटत होती. भीती जमिनीची नव्हती. नऊ दिवसांनी नवरा लष्करातून सुटणार होता. घरी येणारा माणूस पुरता येईल की अर्धा तिकडेच राहील, याची ती भीती होती.

कागदावर तर सगळं ठरलं होतं. निवृत्तीनंतरच्या आखणीचा फॉर्म दोघांनी मिळून भरला होता. नोकरी, बस डेपोत स्टोअरकीपर. लेकीची शाळा, डेपोच्या मागचीच. घर, छावणीबाहेरच्या या मोकळ्या जमिनीवर. फक्त 'बांधकाम कधी सुरू करणार' या रकान्यातली तारीख त्याने इतक्यांदा खोडली होती की तिथे कागद फाटला होता.

जुन्या लढाईत या जमिनीत सुरुंग पेरले होते. आठ वर्षांपूर्वी त्याच्याच तुकडीने जुना नकाशा समोर ठेवून ते वेचून काढले. जमीन साफ असल्याच्या दाखल्यावर सहीही त्याचीच. सही झाली तो कामाचा शेवटचा दिवस ती जन्मात विसरणार नव्हती. तिला कळा सुरू झाल्या, दवाखान्यातून निरोप गेला आणि उलट निरोप आला, निघालेल्या सुरुंगांची मोजणी चालू आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडली. आणि लेक जेमतेम घटकाभराची असेल, तेवढ्यात तो दारात हजर. बुटांना चिखल, छाती धापा टाकत. "आलो ना?" एवढंच म्हणाला. त्या दोन शब्दांवर तिने पुढच्या सगळ्या बदल्या निभावल्या.

यंदा जमिनीचे प्लॉट पाडून निवृत्त होणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकून वाटले. यांना रस्त्याकडेचा, कोपऱ्यावरचा लागला. त्याने तो तुकडीतल्या, सोबतच निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हरला देऊन टाकला आणि त्याचा आडबाजूचा मागून घेतला. ड्रायव्हरची बायको अजून भेटली की म्हणते, "वहिनी, देव तुमच्या नवऱ्याचं भलं करो, आणि जमलं तर डोकंही ठिकाणावर आणो."

डोकं ठिकाणावर नाही, हे तिलाही दिसत होतं. गेले दोन महिने दर रविवारी तो प्लॉटवर पोटावर पडून बारीक सळईने माती टोचत असे. जिथवर टोचून झाली, तिथे पांढरी दोरी बांधायची. दोरी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. लेकीचा लाल चेंडू एकदा दोरीपलीकडे गेला आणि ती मागे धावली, तर तो असा ओरडला की पोर दोन दिवस बापाशी बोलली नाही. चेंडू अजून तिथेच पडला होता.

"सवय आहे ती," बाई म्हणाल्या होत्या. "वीस वर्षं जमिनीला भिऊन चाललेला माणूस गवतालाही भितो. तुम्ही निर्धास्त चालून दाखवा. मनातला सुरुंग असाच निघतो."

काल जेवताना तिने विषय काढला.

"अहो, मी त्या दोरीपलीकडून चालत गेले, तर माझ्यामागे याल?"

त्याचा घास हातातच राहिला. "नको जाऊस."

"का बरं? दाखल्यावर सही कुणाची आहे? देवाखालोखाल मी त्याच माणसावर विश्वास ठेवते."

त्याने काही बोलायला तोंड उघडलं. मग पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"याल का, तेवढं सांगा."

"तू असशील तिथे येईन," तो म्हणाला. "शब्द दिला. पण एकटी जाऊ नकोस. उद्या दहाला ऑफिसातून सुटलो की तिथेच बोलू."

अजून दहा वाजायचे होते. परवा पाया खणायला सोपं जावं म्हणून तिने परस्पर ठरवलेल्या गवंड्याने कडेवरूनच पाइपाने पाणी मारून ठेवलं होतं. माती लोण्यासारखी मऊ झाली होती. रस्त्याच्या टोकाला त्याची सायकल दिसली, तशी तिने चपला काढल्या, देवाचं नाव घेतलं आणि दोरी ओलांडली.

मागून सायकल पडल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही. थेट मधोमध गेली, चेंडू उचलला आणि मग वळली.

"बघा, झालं का काही?"

तो दोरीशी उभा होता. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तिने हात पुढे केला.

"या ना. मी आहे ना इथे."

त्याने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढून शेजारी शेजारी नीट ठेवले. आणि दोरी ओलांडून तो आत आला.

तिचे डोळे भरून आले. बाईंचं खरं ठरलं. सुटला माझा माणूस, पुरता सुटला. आता पाया पडेल, भिंती उठतील, लेकीला झोपाळा बांधता येईल.

तो तिच्याकडे बघतच नव्हता. खाली मान घालून, तिच्या एकेका ठशात आपलं पाऊल ठेवत तो येत होता. एक बोटही ठशाबाहेर पडू देत नव्हता. हनुवटीवरून घाम ठिबकत होता. हाताच्या अंतरावर येऊन त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"आता हलू नकोस," तो हळूच म्हणाला. "एक्केचाळीस पेरले होते. तुझा निरोप आला, तेव्हा चाळीसच निघाले होते."