भिंगारदिव्यांचा पट्टा

भिंगारदिवे गेले. त्यांच्या माघारी कॅमेऱ्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा विहंगने मोठ्या लेन्सकडे पाहिलंही नाही. त्याला हवा होता तो रुंद, मऊ पट्टा. जुन्या पट्ट्याने त्याची मान पार कामातून गेली होती, आणि उद्या धरणाच्या पाण्यात होडीतून रोहित पक्ष्यांचे फोटो काढायचे होते.

त्याने पट्टा तिरपा घातला, छातीवरचं बकल लावलं, कॅमेरा अडकवला. एवढं धूड, पण खांद्याला कळतसुद्धा नव्हतं!

“वहिनी, हाच द्या.”

“दुसरं काहीही न्या. तो नको.”

“का? कच्चा आहे?”

“छे! ह्यांनी चांगला पारखून घेतलेला. ‘होडी उलटली तरी कॅमेरा माझ्यापासून सुटायचा नाही,’ म्हणायचे.”

विहंग हसला. वहिनी हसल्या नाहीत.

“आणि नाहीच सुटला. ह्यांना तळातून वर काढलं, तेव्हा एक टाकासुद्धा उसवला नव्हता.”

विहंगचा हात नकळत बकलाकडे गेला. त्याने ते दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी, सगळा जोर लावून दाबलं. ते उघडेना.

वहिनी त्या अंगठ्यांकडे बघत राहिल्या.

“ह्यांनीही असंच दाबलं असेल,” त्या म्हणाल्या.