भुलीचा गुरुवार

शिंदखेड्याला भुलीचे डॉक्टर धुळ्याहून फक्त गुरुवारी येत. पोटातली गाठ काढायला मी टेबलावर निजले होते. इंजेक्शनच्या गुंगीत दिवा पाण्यावर तरंगत होता. काळा रबरी मास्क जवळ आला. “अक्का, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?” “नही भाऊ, मना गुरुवारना उपास शे. फक्त साबुदाणानी खिचडी खादी.” मास्क थबकला. सर्जन हसले, “एवढ्याशा खिचडीनं काय होतंय?” भुलीचे डॉक्टर म्हणाले, “झोपेत उलटी होऊन छातीत गेली, तर अक्का उठायच्या नाहीत. संध्याकाळी करू.” “तुमची धुळ्याची गाडी?” “जाऊ दे.” दिवसभर ते खाटेशी बसले. नर्सनं आणलेला चहा परत पाठवला, “आज अक्कांबरोबर माझाही उपास.” तिन्हीसांजेला मास्क पुन्हा आला. एरवी झोपताना मी दत्ताचं नाव घेते. त्या दिवशी डॉक्टरांचं विचारलं. सांगितलंही असेल, मला तोवर निर्धास्त झोप लागली होती.