सेफ्टीचं बक्षीस

समाधान ढगेंना कंपनीत सेफ्टीचं बक्षीस काय मिळालं, घरातलं त्यांचं प्रवचन थांबेनाच. मुलाने, गणराजने, मोटारसायकलचा विषय काढला की ते सुरू!

"चाकणचा रस्ता बघतोस ना रोज? कंटेनर अंगावर येतात. तुमच्या वयाच्या पोरांना अक्कल नसते, नुसते केस असतात. ते विस्कटतील म्हणून हेल्मेट घालत नाहीत, हरामखोर!"

पद्माताईंनी भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या बक्षिसाच्या फोटोकडे भक्तिभावाने पाहिलं आणि नवऱ्याच्या शब्दाशब्दाला मान डोलावली.

गणराज गेलं वर्षभर बाबांच्याच गाडीवर मागे बसून आयटीआयला जात होता. तो शांतपणे म्हणाला, "आई, तुझी शपथ. बाबा घालतात ना, अगदी तसंच हेल्मेट घालीन मी. बाबा, कसं घालता ते सांगू का आईला?"

समाधानराव खाकरले. "नको, नको. पोरगं समजूतदार आहे आपलं. रविवारी शोरूमला जाऊन येऊ."

पद्माताईंना गहिवरून आलं. त्यांनी मीठमोहऱ्या घेऊन बापलेकांची दृष्ट काढली.



दुसऱ्या दिवशी महाळुंग्यात कंपनीचं गेट दिसू लागताच समाधानरावांनी रोजच्यासारखी गाडी बाजूला घेतली, हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत म्हणून आरशाला लटकवलेलं हेल्मेट काढलं आणि केस विस्कटणार नाहीत अशा बेताने हळूच डोक्यावर ठेवलं.