एकच स्वल्पविराम

धाकट्या दिराने खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. वर्तमानपत्रात द्यायचा निधनाचा मजकूर दादाने इस्पितळात स्वतःच लिहून ठेवला होता आणि तो जसाच्या तसा छापा म्हणून बजावलं होतं, असं त्याने सांगितलं.

तिने चष्मा लावला. नवऱ्याला जाऊन पाच तास झाले होते. पण एका दैनिकात मुद्रितं तपासण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. कागद समोर आला की हात आपोआप लाल पेनाकडे जायचा.

अक्षर त्याचंच. आणि स्वल्पविराम औषधालाही नाही. लग्नाआधीच्या पत्रांपासून हेच. दूध साबण खोकल्याचं औषध विजेचं बिल अशा सलग चिठ्ठ्या तो फ्रिजवर लावायचा आणि ही चिडायची. वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा, असं विचारलं की नुसता हसायचा.

ती एकेक खूण करत निघाली. शिक्षण, नोकरी, आजार. मग शेवटची ओळ आली.

मागे आई भाऊ भावजय मुलगी

‘मुलगी’ या शब्दावर पेन थबकलं. लग्नाला आठ वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, तेव्हा सगळ्यांनी तिलाच बोल लावला होता. त्याने मात्र तिला कधी दोष दिला नाही. एका दुपारी तो दोन महिन्यांची पोर छातीशी धरून दारात उभा राहिला. संस्थेतून आणली, म्हणाला. कागदपत्रं, खेटे, सगळं त्यानेच निस्तरलं होतं. त्या उपकारापायी पुढे बावीस वर्षं तिने त्याला उलटून विचारलं नाही. दर महिन्याला आठ-आठ दिवस कामासाठी बाहेरगावी राहायचा, तेव्हाही नाही.

डोळे पुसून तिने पुढे वाचलं.

पत्नी, मुलीची आई असा परिवार आहे.

अख्ख्या कागदावर त्याने घातलेला हा एकच स्वल्पविराम, आणि तोही नको तिथे. तिला रडता रडता हसू फुटलं.

“बघा भाऊजी,” ती म्हणाली, “जाता जाता मला दोनदा मोजून गेले. पत्नी म्हणजेच मुलीची आई. एकाच बाईचे दोन तुकडे केलेत.”

तिने स्वल्पविराम खोडला आणि पुढचे दोन शब्द खोडायला पेन टेकवलं.

दिराने तिचा हात धरला. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “तो स्वल्पविराम राहू द्या, वहिनी. त्या दोन बायका आहेत. दुसरी खाली जिन्यापाशी उभी आहे, वर येऊ का म्हणून विचारतेय.”