कलम अकरा

"अकराव्या कलमाचं काय झालं?" आबांनी विचारलं.

जळोचीहून दर मंगळवारी सकाळी दहाला येणारा फोन होता हा. जेवलीस का, बरी हायेस का, काही नाही. सरळ कलम. राजलक्ष्मीच्या हातातला चहा हातातच राहिला.

पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत तिचं कामच ते होतं. लग्न, घटस्फोट, दत्तक अशा घरच्या विषयांवरची विधेयकं विधिमंडळात कुठवर पोचली, त्याचा दर आठवड्याला तक्ता करायचा. तिचे आजोबा गेणबा, म्हणजे आबा, कारखान्यात टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. नातीच्या नोकरीत त्यांना कधी काडीचाही रस नव्हता. पण चार महिन्यांपूर्वी एका आमदाराचं विधेयक आलं. लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंद केलीच पाहिजे, असं त्यात होतं. तेव्हापासून आबांनी त्याचा पिच्छाच पुरवला. कात्रणांची फाईल केली. विधेयकामागं जोडलेला अर्जाचा नमुना तिच्याकडून फोनवर मागवून घेतला आणि गावातल्या इकबालभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापूनही आणला.

आबांना संशय आलाय, हे राजलक्ष्मीनं ओळखलं होतं. ऋषिराजबरोबर राहायला लागून तिला वर्ष होत आलं होतं. घरी सांगितलं होतं, मैत्रिणीबरोबर खोली घेतलीय. चोराच्या मनात चांदणं.

"कलम आहे तसंच आहे, आबा."

"नावं फळ्यावर लावणार का? लग्नाची नोटीस लावत्यात तशी, महिनाभर?"

"नाही. नोंद गुप्त ठेवायची, असंच त्या कलमात आहे."

"त्यात काय बदल झाला तर लगीच कळव." मग म्हणाले, "किती वर्सं एकत्र ऱ्हात्यात, तेबी लिवायचं ना?"

"हो."

"खोटं लिवलं तर?"

"दंड आहे."

"बरं हाय," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

काय बरं आहे, हे विचारायची तिची छाती झाली नाही. ज्या माणसानं तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं होतं, तोच आता तिचं नाव फळ्यावर लागायची वाट बघतोय, या विचारानं तिला दिवसभर घास गोड लागला नाही.

दोन आठवड्यांनी विधेयक मागं घेतलं गेलं. ती बातमी मनात ठेवूनच राजलक्ष्मी पणदऱ्याला लग्नाला आली. आबांच्या शेजारच्या सारजाकाकूंच्या छकुलीचं लग्न होतं. आबा आणि आजी जळोचीहून परस्पर आले होते.

अक्षता पडल्या, बायकांनी नवरीला नाव घ्यायला लावलं. मग म्हाताऱ्यांचा नंबर लागला. "फुलाबाई, तुमी घ्या आता." पण आजी केव्हाच उठून चुलीकडं गेली होती. भात करपंल, म्हणाली. उखाण्याची वेळ आली की आजीचा भात करपायला लागतो, ही सगळ्या आळीची जुनी थट्टा होती. बायका हसल्या आणि दुसरीला धरलं.

दुपारी तिघं जळोचीला घरी आली. आजीनं सगळ्यांना ताक दिलं. समोरच्या भिंतीवर फोटो होते. राजलक्ष्मीच्या आईबापाच्या लग्नाचा, आत्याच्या लग्नाचा, तिच्या बारशाचा. आजीआबांचा तेवढा नव्हता. त्यांचं गाव डाळजच्या बाजूला होतं. ते उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्यात घरही गेलं आणि फोटोही. दोघं एका ट्रंकेनिशी जळोचीला आली, ती कायमचीच. ही कथा तिनं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती.

"आबा, ते विधेयक मागं घेतलं. आता नाही येत ते."

आबांचा चेहराच उतरला. तासभर रांगेत उभं राहावं आणि आपला नंबर आला की खिडकी बंद व्हावी, तसा. त्यांनी आजीकडं बघितलं. आजीनं ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"पुन्हा येईल का?"

"कधी, ते नाही सांगता यायचं."

"आमच्या हयातीत?"

तिला ते सहन झालं नाही. एवढी घाई, एवढा राग, आणि तोही तिच्यावर. लपवालपवीचा तिला वीट आला होता. काय व्हायचं ते एकदाच होऊ दे, म्हणून तिनं सांगून टाकलं. "आबा, मैत्रीण नाही. ऋषिराज नावाचा मुलगा आहे. वर्षभर एकत्र राहतोय आम्ही. लग्न नाही केलेलं अजून. तुम्हाला माहीतच आहे, मग मला सरळ बोला. कायद्याची वाट कशाला बघता?"

अंगणासमोरून दूधवाल्याची मोटरसायकल गेली. आजीनं पदराची किनार बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"जीव लावतो का?" आजीनं विचारलं.

राजलक्ष्मीनं मान डोलावली. तिचे डोळे भरून आले.

"मंग रडतीस कशाला?" आजी म्हणाली आणि आबांकडं वळली. "द्या आता तिला. कवातरी दावायचंच व्हतं."

"आमाला कुठं म्हाईत व्हतं तुजं," आबा हळूच म्हणाले. त्यांनी ट्रंकेतून फाईल काढली. वर इकबालभाईंच्या दुकानातून छापून आणलेला अर्ज होता, निळ्या शाईनं भरलेला. हजेरीपटावर काढायचे तसलंच सावकाश, टपोरं अक्षर.

"तू यातली जाणती हायेस," ते म्हणाले. "कुठं चुकलंय का बघ."

तिनं कागद खिडकीपाशी नेला आणि वाचला.

अर्जदार एक: गेणबा. अर्जदार दोन: फुलाबाई. लग्नाविना एकत्र राहत असल्याचा काळ: सत्तेचाळीस वर्षं.