समई कोणाच्या नावावर?

१८८४ साली कल्याणच्या वाचनालयाने नव्या पुस्तकांसाठी लिलाव ठरवला. लिलावाला जो वस्तू देईल तो आजन्म सभासद, असा ठराव झाला. मागाहून भांडणं नकोत म्हणून, वस्तू आणणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं नावच लागेल, असंही ठरलं. बायकांना सभासद करून घ्यावं का, हा विषय मात्र आमची सुधारक मंडळी तीन वर्षं मोठ्या जोमाने पुढे ढकलत होती.

अध्यक्ष अप्पासाहेबांना भर रस्त्यातून समई वाहून नेणं शोभेना. त्यांनी ती बायकोच्या, आवडाबाईंच्या हाती पाठवली.

“कोणाच्या नावावर लावू, वहिनी?” चिटणिसांनी विचारलं.

“आमच्या घरच्यांच्या.”

“नाव सांगा.”

“अगंबाई! चारचौघांत यजमानांचं नाव घेऊ?”

“मला ठाऊक आहे हो, पण ठराव आहे ना. बरं, तुमचंच सांगा.”

“आवडाबाई.”

मागे हंडे-परातींसकट उभ्या असलेल्या बायकांनाही एकाएकी तशीच लाज वाटली.

आठवड्याने अप्पासाहेब घरी तडकले, “अगं, दर संक्रांतीला हळदीकुंकवात उखाणा घालून माझं नाव घेतेस की! तेव्हा नाही लाजत?”

“तिथं नाव घेतलं की हलवा देतात,” आवडाबाई पान उलटत म्हणाल्या, “पुस्तकं नाही देत.”