जंगलात न गेलेले तज्ज्ञ

तंबू घेऊन जंगलात मुक्कामाला गेलेला हेरंब परतला नाही. शोधपथके अजून झाडी धुंडाळत होती, पण महाराजबागेपलीकडे वन न पाहिलेल्या नागपूरच्या विद्वानांनी फेसबुकवर निकाल देऊनही टाकला होता. कुणी त्याला वाघाच्या तोंडी दिले, कुणी दरीत लोटले, कुणी त्याच्या मित्रालाच खुनी ठरवले. एका महाभागाने लिहिले, 'जबलपूरला दुसरा संसार थाटला असेल.' त्याखाली पसंतीचा एकच अंगठा होता, हेरंबची पत्नी शामला हिचा.

धाकटा दीर गौरांग संतापला. "वहिनी, हे काहून केलं तुम्ही? दादाची बदनामी करून राहिला तो!"

"करू द्या नं भाऊजी," शामला म्हणाली. "बाकीच्यायनं तर त्यायले मारूनच टाकलं."